फ्लेक्सवरलं चित्र

ता. १२ जानेवारी

डॉक्टरनं करूला सांगितलं, रोज चार ओळी लिवत जा, मन मोकळं व्हतं. मनून हिंगोलीतून चांगली जाड वही घेतली. घरी आल्यावर बाईसायबानं ती दिवळीत फेकली अन् तोंडावर पांघरूण वढलं. वही वाया काहून घालवायची. मीच लिवते. चौथी पास हाय मी. अक्षर कोंबडीच्या पायावानी, पण मह्यं मला वाचता येतं, बस झालं.

करू माही एकुलती. एकोणतीस वर्षाची घोडी. दोन गाड्या बदलून जावं लागतं तिथल्या मोठ्या संस्थेत पीएचडी करून राहिली. मनजे करत व्हती. महिना झाला, सुट्टी मनून आली अन् भितीकडं तोंड करून पडली. इचारलं तर, "काही न्हाई माय." काही न्हाई तर ऊठ की मंग!

करूचा बाप मनतो, थकली आसंल, झोपू दे. महिनाभर कोणी थकत असतं का.

जे. न्हाई. (जे. मनजे जेवली. रोज एवढं तरी लिवून ठेवते, डॉक्टरला सांगाय कामी येईल.)

ता. १५ जाने.

हळद काढायला लागलो. बायका लावल्या. चंद्रकला मोठ्यानं, सगळ्यायनी ऐकावं मनून, "कांताबाई, तुही शास्त्रज्ञ कवा जाणार वापस?"

मी मनलं, "तुहं पोरगं कवा कामाला जाणार ते सांग आदी."

बोलले खरी, पण मलाच दिवसभर टोचलं.

करू काय करती तिथं, ते तिनंच एकडाव सांगितलं व्हतं, चुलीपाशी बसून. तवा हसरी व्हती. लोखंडाच्या गंजातला एक प्रकार असतो, काळा, चुंबकाचा. त्याचा पातळ थर लावायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून किती पातळ ते सांगता येत न्हाई. मंग एक सुई. तिच्या टोकावर एकच कण, अणू मनतात तेवढा. सुई थराला टेकवायची न्हाई, वरून वरून फिरवायची. मधल्या फटीतून करंट उडी मारतो. उडी कमीजास्त झाली की यंत्र चढउतार काढतं अन् अणू दिसतात. वळीनं बसलेले.

मी मनलं, "गंज पाह्याला एवढं शिकावं लागतं व्हय? आपल्या न्हाणीच्या पत्र्यावर पायलीभर हाय."

लई हसली व्हती. डोळ्याला पाणी येस्तोवर.

जे. अर्धी भाकर.

ता. २० जाने.

तिच्या सरचा फोन. करूचा मोबाईल पांघरुणात वाजून वाजून दमतो, ती पाहत बी न्हाई. आज मी वढून घेतला. सर हिंदीत बोलतेत. आवाज बरा हाय, वंगाळ माणूस न्हाई वाटला.

"माताजी, करुणा ठीक है?"

मी मनलं, "सोयी है." दिवसाढवळ्या.

तर मनले, तिच्या कामाचा जो लेख छापून आला, त्याच्यावर बाहेरच्या देशातल्या लोकायनी इचारलंय. असली फाइलें माँग रहे हैं. तिला मनावं एक मेल कर, बस.

करूला सांगितलं. तिनं पांघरूण डोक्यावरून घेतलं, आतून मुठीत धरलं. लहान व्हती तवा ताप आला की असंच करायची.

जे. न्हाई.

ता. २३ जाने.

आज कळलं.

डोक्याला तेल लावते मनून जबरीनं उठवली, उन्हात वट्ट्यावर बसवली. केसाच्या जटा झाल्यात. फणी वढली तरी हूं का चूं न्हाई. मंग एकदम मनली, "माय, ते चित्र खोटं हाय."

"कोणतं चित्र?"

"लेखातलं. फाट्यावर फ्लेक्सात लावलं व्हतं तेच."

मी फणी थांबवली न्हाई. थांबवली असती तर गप झाली असती, मला ठावं हाय तिचं.

तर ते असं. चित्रात अणूची एक वळ उजळ, एक काळी, परत उजळ, परत काळी. करूनं मनलं, हे चुंबकामुळं. एका वळीचा चुंबक हिकडं तोंड करून, दुसरीचा तिकडं. असं कोणी इतकं साफ पाह्यलं नव्हतं. सर खूश. लेख छापला, नाव हिचं पह्यलं. पण एक तपासणी राह्यली व्हती. बाहेरून मोठा चुंबक उलटा फिरवला तर उजळ ती काळी अन् काळी ती उजळ व्हायला पाह्यजे. तवा तो मोठा चुंबक बिघडलेला. सर मनले, चलता है, बाद में कर लेंगे. दुरुस्त झाल्यावर हिनं फिरवला. चित्र हाललं न्हाई. जसंच्या तसं. सुई बदलली, तर वळीच गायब. सगळं एकसारखं. पह्यल्या सुईच्या टोकाला कायतरी चिकटलं व्हतं, त्याचंच ते सोंग.

"मंग दुसऱ्या सुईनं पाह्यचं," मी मनलं.

"किती सुया केल्या माय. दीड वर्ष तेच केलं. एकडाव बी दिसलं न्हाई."

"सरला सांगितलंस?"

"न्हाई. मनत गेले, मीच चुकत आसंल, पुढच्या थराला दिसंल. पुढच्या थराला दिसंल."

"तू जाणून खोटं केलंस का?"

"न्हाई."

"मंग रडतीस कशाला?"

"खोटं तर हायेच ना."

मी तिची वेणी घातली. घट्ट घातली.

ता. २६ जाने.

वंगाळ दिवस.

शाळेचे मास्तर सकाळीच दारात. "जयभीम ताई. झेंड्याला करुणाताईला आणा, पोरायला दोन शब्द सांगतील." ती उठना. मी वरडले, "गावाला तोंड दाखव जरा, काय पाप केलंस का!" हे बोलले अन् तिचा चेहरा पाह्यला. जीभ झडून पडली असती तर बरं.

बाप गेला तिच्या जागी. नारळ अन् शाल घेऊन आला, छाती फुगवून. शाल तिच्या अंगावर टाकाय गेला, "करू, पोरायनी तुह्या नावानं टाळ्या वाजविल्या बघ." करू त्या शालीकडं पाहून राहिली, अन् मंग जे रडली. बापाला कळना काय झालं. मी त्याला आजून कायबी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं, गोठ्याकडं नेऊन.

तो बैलाच्या खुंट्यापाशी बसला. मनला, "मंग आपण फ्लेक्स लावला त्याचं काय?"

ह्या माणसाचं डोकं फ्लेक्सात.

ता. ३० जाने.

फ्लेक्सचं लिवते, कारण आज त्यानं घरात आग लावली.

लेख छापून आला तवा करूच्या बापानं अन् भाऊबंदाच्या पोरायनी फाट्यावर ह्ये मोठा फ्लेक्स लावला व्हता. करूचा फोटू, "हार्दिक अभिनंदन", खाली सगळ्या पोरायचे गॉगल घातलेले फोटू, अन् मधोमध ते चित्र, पिवळ्या काळ्या वळीचं. तिनं व्हाट्सपवर बापाला पाठवलं व्हतं, पोरायनी तेच छापलं. येणारे जाणारे मनायचे मक्याचं कणीस हाय. एकजण तर बियाण्याची जाहिरात समजून भाव इचाराय घरी आलता. पुढं वाऱ्यानं एका बाजूनं सुटला, मंग बापानं काढून घरी आणला. चांगला जाड हाय, टाकून काहून द्यायचा.

आज पह्यली हळद शिजली. हळद शिजवायचं यंत्र घेऊन आलेला कुकरवाला घाई करून राहिला, वतायला जागा पुरना. मी फ्लेक्स दिसला तो अंगणात अंथरला अन् वर गरम हळद वतली. कोणती बाजू वर हाय पाह्यलं न्हाई. हाताला चटके बसून राहिले व्हते, कोण पाह्यतं.

करूचा बाप पाणी घेऊन आला अन् वरडलाच. "लेकीच्या तोंडावर वतली! कांता, डोळे हायेत का बटणं?"

नणंद, वत्सलाक्का, मदतीला आलती. ती खिदळली. "वहिनी, लग्नाची हळद लागना तिला, ही तरी लागली मना!"

तेवढ्यात करू दारात. दीड महिन्यात पह्यल्यांदा आपल्या पायानं भाहीर आली. तिनं पाह्यलं. हळकुंडातून तिचा अर्धा चेहरा, अन् त्या वळी, वाफ निघून राहिलेली. वाकली, एक हळकुंड उचललं, बोटानं त्या वळी पुसल्यावानी केलं. मनली, "बराबर केलंस माय. निदान कामाला तरी आलं."

अन् आत गेली.

मला आदी बरं वाटलं, बोलली मनून. मंग हळद पसरता पसरता तिचं बोलणं परत ऐकू आलं, अन् बरं वाटलं न्हाई.

ता. ५ फेब.

अक्कानं स्थळ आणलं. कळमनुरीचा मास्तर, बायको वारलेली, एक लेकरू. आजवर स्थळ मनलं की करू फणा काढायची. "माय, माहं काम झाल्याबिगर नाव काढायचं न्हाई." आज अक्कानं इचारलं अन् ती मनली, "हो मना."

"अगं पाह्यचं तरी, पोरगा कसा हाय—"

"पाह्यचं काय त्यात, आत्या. हो मना."

भितीकडं तोंड करूनच.

अक्का खूश, चहा मागाय लागली. जिनं भांडून भांडून शिक्षण घेतलं ती आता कोणत्या बी खुंट्याला बांधा मनती. मी अक्काला मनलं, "चहा तुमच्या घरी प्या. पोरगी आजारी हाय. मास्तरला दुसरी पाहा."

"वहिनी, तुमचं तोंड लई—"

"हाय ते हाय."

गेली फणफणत. मंग मी कोठीतलं फवारणीचं सगळं औषध पोत्यात भरलं अन् तिच्याच मागं तिच्या घरी नेऊन ठेवलं. आताच मह्यासंग भांडून आली अन् मीच परत तिच्या दारात, तिला बी कळना. "काहून?" मनली. मी मनलं, उंदरायनी बाटल्या पाडल्या. ती मह्याकडं पाहून राहिली. मंग कुलूप लावलं, चावी मह्या हातात दिली. जात्यावानी जड हाय ती बाई, पण दाणा वळखती.

जे. न्हाई.

ता. ९ फेब.

हिंगोली. डॉक्टर मनला, गोळ्या चालू ठेवा, टाइम लागंल. हा नुसता टाइमच सांगतो. वहीचं इचारलं, लिहिते का? मी मनलं, व्हय लिवते. खोटं न्हाई बोलले.

येताना यष्टीत जागा भेटली. औंढ्याच्या पुढं करू आपल्या आपण बोलाय लागली. खिडकीतून भाहीर पाहून, जसं कायी दुसऱ्याच कोणाला सांगून राहिली.

त्या यंत्राच्या डब्यात हवा नसती. जरा बी न्हाई. हवा लागली की थर बसल्या जागी मरतो, त्याच्यावर घाण बसती, परत पह्यल्यापासून. मनून डब्बा आदी भाजायचा. चांदीचा कागद गुंडाळायचा, ज्यात पोळ्या गुंडाळतेत तो, अन् दिवस दिवस तापवत ठेवायचा. मंग निवू द्यायचा. मंग थर. मंग सुई. अन् सुई फिरून राहिली तवा खोलीत कोणी चालायचं न्हाई. चाललं की चित्र हालतं.

"मी चपला काढून बसायची, माय. खोकला आला तर ओढणी तोंडात धरायची."

"बोलायची कोणासंग?"

"आँ?"

"दिवसभर. बोलायची कोणासंग?"

तिनं इचार केला. खरंच इचार केला, कोणाचं तरी नाव निघतं का मनून. मंग मनली, "कोणासंग न्हाई."

इतकी वर्ष फोनवर मी इचारायची, जेवलीस का, पैसे हायेत का. ती मनायची, व्हय. ठेवते माय, काम चालू हाय. मला वाटायचं मोठी झाली, आखडली. अन् हिकडं पोरगी ओढणी तोंडात धरून बसलेली.

ता. १६ फेब.

काय करून बसले मी.

सरचा फोन आला. मीच उचलला. ते परत तेच. मेल का जवाब. वो लोग दोबारा पूछ रहे हैं. मह्या हाताला हळद, डोक्यावर ऊन, वाळलेली हळद घासून देणारा पॉलिशवाला उद्या परवा करून राहिलेला. माहं डोकं सटकलं. मनलं, "सर, वो फोटू खोटा है बोलती है. चुंबक फिराया तो बदला नहीं. दीड साल से जानती है. इसलिए सोयी पड़ी है. अब बोलो क्या करना."

मला वाटलं रेंज गेली.

मंग हळूच, "माताजी, ये बात अभी किसी से मत कहिए. मैं देखता हूँ."

सांगून टाकलं मनून छाती हलकी झाली, तेवढ्यापुरती. आत जाऊन करूला सांगितलं. ती ताडकन उठून बसली.

"तू काहून सांगितलंस? तुला काय कळतं त्याच्यातलं? माहं व्हतं ते सांगायचं! माहं व्हतं, माय!"

इतक्या जोरात वरडली की शेजारची चंद्रकला भितीवरून डोकावली. खरं सांगू, ती वरडली त्याचं मला बरंच वाटलं. दोन महिन्यात पह्यल्यांदा जिती वाटली. पण वरडून झालं अन् तशीच आडवी. दिवस मावळला तरी मह्यासंग शब्द न्हाई. पाणी दिलं तर घेतलं न्हाई, बापाच्या हातून घेतलं.

बराबर मनती ती. माहं नव्हतं ते.

ता. १९ फेब.

सरचा मेल आला. करूनं बापाला सांगितलं, मला न्हाई. बापानं मला सांगितलं. असं चाललंय घरात, निरोपावर.

सर मनतेत, त्या लोकायला कळवू, जुन्या फायली गेल्या, डिस्क बिघडली. इचारून इचारून थकतील. करूनं कायबी लिवू नये. पीएचडीचं नवीन काम तेवढं दाखव, मी पास करतो. तिच्या मागून शिकाय आलेल्या दोन पोरी हायेत तिथं, त्यायचं सगळं काम हिच्याच चित्रावर उभं हाय. एक पडलं की सगळ्या पडतील.

करूचा बाप मनला, "सर मनतेत तसं करावं. शिकलेला माणूस हाय. भीमजयंतीच्या कमिटीनं तिचं नाव भाषणाला धरलं. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

मी मनलं, "तुमचं तोंड तुमच्यापाशी ठेवा."

"तू लई खऱ्याची! तुह्यामुळं पोरगी बोलना झाली."

भांडलो लई. पण लिवून ठेवते, मला बी आज दिवसभर वाटलं की गप बसावं. कोण पाह्यला जातंय तिथं, एका गंजाच्या कपच्यावर कोणती वळ उजळ अन् कोणती काळी. कोणाचं लेकरू मरणार हाय का त्यानं? डॉक्टर लागंल नावापुढं, नोकरी लागंल, सुटंल. इतक्या वर्षाचं निंदण खुरपण मातीत का घालायचं.

मंग तिच्या खोलीत डोकावलं. पास व्हऊन बी ही अशीच पडणार, ते दिसलं.

ता. २४ फेब.

करूनं लॅपटॉप काढला. घरात रेंज न्हाई, बांधावर आंब्याखाली बसली. मी लांबून पाहून राहिले, खुरपं हातात धरून. लिवायची, पुसायची. लिवायची, पुसायची. मी दुपारची भाकर नेली, ती मह्याकडं न पाहता मनली, "ठेव."

मह्यासंग बोलली!

तेवढ्यात फोन. ती मागची पोरगी, त्या संस्थेतली. आवाज मला तिथवर ऐकू येऊन राहिला, रडून राहिली बिचारी. "दीदी प्लीज. मेरा क्या होगा दीदी. मेरी सबमिशन है." करू नुसती हां हां करत राहिली. मंग लॅपटॉप मिटला, उठली, घरात आली, पांघरूण.

मी मागं गेले. पांघरूण वढून फेकलं. "सांगायचं तर सांग! न्हाई तर सोड, जा, पास हो! हे मधीच काय लोंबकळणं!" हात उचलला मी. घोडीएवढ्या लेकीवर.

ती मनली, "मार माय. बरं वाटंल."

हात तसाच राह्यला. पांघरूण परत तिच्या अंगावर मीच घातलं.

भाकर बांधावरच राह्यली. कुत्र्यानं खाल्ली आसंल.

ता. ३ मार्च

झाडताना गोधडीखाली गोळ्या सापडल्या. सगळ्या. एक बी घेतलेली न्हाई. रोज मह्यासमोर तोंडात टाकून पाणी प्यायची.

कोणाला सांगावं. बापाला सांगितलं तर तो रडतो. अक्काला सांगितलं. ती मनली, "वहिनी, देव धर्म..." मंग तिलाच लाज वाटली. मनली, "मी येऊन बसत जाते दुपारची. तुमी रानात जा." आली बी. लसूण सोलत बसली करूच्या उशाला. स्थळाचं बोलली न्हाई, हे विशेष.

मला कायी उमजना झालं. शेतातलं समदं उमजतं. हे न्हाई.

ता. ४ मार्च

करूला समोर बसवलं. मनलं, गोळ्या सापडल्या. मी चिडले न्हाई, तू घे का न्हाई घे. पण सांग, काहून?

ती मनली, "गोळी घेतली की बरं वाटाय लागतं. बरं वाटलं की मला बी वाटतं, सर मनतेत तसं करावं. मनून घेत न्हाई."

बाप रे बाप.

मी मनलं, "बये, दुःखी राहूनच खरं बोलता येतं असं कोणी सांगितलं तुला? गोळी घे. अन् बरं वाटून बी सांगायचं वाटलं तर सांग. न्हाई वाटलं तर नको सांगू. मी त्याच्यात परत तोंड घालणार न्हाई."

ती मनली, "आन घे."

घेतली आन. मह्यासारख्या बाईला सगळ्यात अवघड.

एक गोळी मह्यासमोर घेतली. जीभ दाखव मनलं. दाखवली, लहान लेकरावानी.

ता. १३ मार्च

गोळ्या चालू. फरक? मला तर दिसना. झोपती तेवढी. खाती मनून खाती. सरचे फोन येतेत, वाजतेत. मी बोट लावत न्हाई. आन.

हळदीचं पॉलिश झालं. ढोल फिरला तसा सगळा गाव पिवळा धुरळा. करू दारात येऊन उभी राह्यली व्हती, खोकली. मोठ्यानं खोकली. ओढणी तोंडाला लावली न्हाई.

ता. १९ मार्च

पाठवला.

मला सांगितलं बी न्हाई आदी. सकाळी बांधावर गेली, येताना लॅपटॉप काखेत. चुलीपाशी बसली. मनली, "लिवलं माय. त्या लोकायला, सरला, त्या दोघी पोरीयला. एकडावच सगळ्यायला. चित्र सुईच्या घाणीचं व्हतं, तपासणी उशिरा केली, सांगाय त्याहून उशीर केला. लेख मागं घ्या."

मी मनलं, "अन् सरनं चलता है मनलं, ते लिवलंस का?"

"न्हाई. नाव माहं पह्यलं हाय."

मह्या तोंडाशी आलं व्हतं बरंच. गिळलं.

करूच्या बापाला सांगितलं तिनंच. तो दुपारी फाट्याकडं गेला, कमिटीवाल्याला गाठून मनला, भाषणाला दुसरं कोणी बघा. काहून इचारलं तर मनला, तब्येत. मला वाटलं, एवढं तरी केलं माणसानं.

खरं बोललं की हलकं वाटतं मनतेत. करूकडं पाहून तसं कायी दिसना. एखाद्या घरातून मयत नेल्यावर माणसं बसतेत ना, तशी बसून राह्यली.

ता. २६ मार्च

बाहेरच्या देशातून उत्तर आलं. तिनं वाचून दाखवलं, मराठी करून. तुमचा मेल मिळाला, आमी इचार करून कळवू, आभारी आहोत.

"एवढंच?"

"एवढंच."

इतक्या वर्षाचा जीव, अन् दीड ओळ. आमच्या तलाठ्याचं उत्तर ह्याच्याहून लांब असतं.

सरचा फोन बंद झाला. आता येत न्हाई. ती रडणारी पोरगी, तिनं करूचा नंबर ब्लॉक केला. फेलोशिपचं कायी कळना. संस्थेतून एक मेल आला, समितीसमोर यावं लागंल, तारीख कळवू. ती कधी, काय इचारणार, ठेवणार का हाकलणार, कोणाला बी ठावं न्हाई.

संध्याकाळी पोती शिवून राहिलो व्हतो, मी अन् ती. दाभण तिच्या हातात बरा चालतो. मधीच मनली, "माय, त्या थरात चुंबक असंलच. हिशोबानं असायला पाह्यजे. वळी असतील तशाच, एक हिकडं, एक तिकडं. मला दिसल्या न्हाईत एवढंच."

तीन महिन्यात पह्यल्यांदा ती अशी बोलली, पह्यल्यासारखी. मी दाभण खाली ठेवला.

"मंग जाऊन पाह्य ना परत."

"मला कोण घेईल आता त्या खोलीत?"

हिला काय सांगावं. घेतील मनावं तर मला काय ठावं. न्हाई घेणार मनावं तर तोंडातून निघना. चंद्रकलाला, अक्काला, मास्तरला, सगळ्यायला मह्यापाशी तयार उत्तर असतं. मी नुसती सुतळी वढत राह्यले. तिनं बी परत इचारलं न्हाई. उरलेली पोती शिवली.

उद्या वसमतला माल जाणार. टेम्पोत पुढं दोघीची जागा हाय. तिला मनलं, चल संगं, मोंढा पाहाय, येताना काचेच्या बांगड्या घेऊ.

न्हाई मनली न्हाई. व्हय बी मनली न्हाई.